पहिला घास

समुद्रघोड्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: त्यांच्यात बाळंतपण बापाचे. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते, तो ती दोन-तीन आठवडे वागवतो आणि मग बहुधा रात्री किंवा पहाटे, कमरेत वाकून वाकून कळा देत पिल्ले बाहेर टाकतो. मत्स्यालयात काचेसमोर उभे राहून आईवडील मुलांना हेच सांगतात, बाबा लोक जरा अवघडून हसतात, आणि सगळे पुढच्या टाकीकडे वळतात.

पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. पिशवी रिकामी झाली की बापाची जबाबदारी संपली. पिल्लांना कोणी भरवत नाही, कोणी राखत नाही. जातीप्रमाणे वीस-पंचवीस असतात किंवा हजाराच्या वर. दिसायला बापासारखीच, फक्त नखाएवढी. काही तासांतच त्यांना भूक लागते आणि समोर जे हलते त्यावर ती नेम धरू लागतात. समुद्रात त्यांतली फारच थोडी मोठी होतात. घरच्या टाकीत तर कितीतरी वर्षे ती जन्मत आणि आठवड्याभरात उपाशी मरत. पाळणाऱ्यांची माया कमी पडत होती असे नाही. त्या तोंडात मावेल असा जिवंत घास कोणाजवळ नव्हता, एवढेच. तो घास कुठून आला, हे मला इथे सांगायचे आहे. तो मिठागरांतून आला.

मी एका विद्यापीठात झेब्राफिशवर संशोधन करते. आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी जो पहिला डबा उघडला जातो त्यात वाळूसारखी तपकिरी पूड असते, आणि आदल्या दिवशी खाऱ्या पाण्यात घातलेल्या पुडीतून नारिंगी ढगासारखे जीव बाहेर आलेले असतात. घरी वीस लिटरच्या टाकीत माझ्याकडे बुटक्या समुद्रघोड्यांची एक छोटी वस्ती आहे, टाकीत जन्मलेल्यांचीच. त्यांनाही हेच जेवण. त्यामुळे या पुडीचा इतिहास शोधणे हे माझ्यासाठी आपल्याच स्वयंपाकघरात डोकावण्यासारखे होते.

आधी नावाचा घोळ निस्तरते. मराठीत पाणघोडा म्हटले की तो आफ्रिकेतला अजस्र हिप्पो. हा आपला समुद्रघोडा. ग्रीकांनी घोड्याचे तोंड आणि समुद्री राक्षसाचे शेपूट अशी एक कल्पना रंगवली होती, तिचेच नाव या माशाला मिळाले: हिपोकॅम्पस. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या अरांझी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला माणसाच्या मेंदूतला एक वळलेला भाग या माशासारखा दिसला आणि आपल्या स्मरणशक्तीच्या त्या कोपऱ्यालाही तेच नाव चिकटले.

घरात समुद्र ठेवण्याची कल्पना इंग्लंडमधली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टनने वनस्पती आणि प्राणी एकाच टाकीत एकमेकांना कसे जगवतात हे दाखवले, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने दिवाणखान्यातल्या समुद्राचे वेडच लावले. गॉसने कृत्रिम समुद्रजलाची कृतीही देऊन ठेवली. पाणी मिळाले, पण खाण्याचा प्रश्न तसाच राहिला.

समुद्रघोड्यांपुरते सांगायचे तर माझा आवडता टप्पा न्यू जर्सीतला आहे. एडिसनकडच्या मराठी मंडळींना कीपोर्ट माहीत असेल, रॅरिटन खाडीवरचे छोटेसे गाव. तिथले पाद्री सॅम्युअल लॉकवूड यांनी स्थानिक जातीचे समुद्रघोडे टाकीत ठेवून पाहिले आणि १८६७ मध्ये 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या नव्याने निघालेल्या मासिकाच्या पहिल्याच खंडात समुद्रघोडा आणि त्याची पिल्ले यांवर लेख लिहिला. नर एका शंखाशी पिशवी घासत पिल्ले कशी बाहेर काढतो, याचे वर्णन त्यात आहे. ना प्रयोगशाळा, ना अनुदान. टाकीसमोर बसून राहण्याची चिकाटी एवढेच भांडवल. या विषयातले बरेचसे ज्ञान पुढेही असेच, हौशी माणसांच्या वह्यांतून आले आहे.

आता अडचण नेमकी कुठे होती ते पाहू. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेले अन्न साठवून ठेवायची सोय नसल्याने ते आतड्यातून भराभर पुढे सरकते, म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते. तोंड म्हणजे एक नळी. त्या नळीत जाईल एवढेच भक्ष्य हवे, आणि ते हलणारे हवे, कारण शिकार सारी डोळ्यांवर चालते. पाण्यातली पूड, उकडलेल्या अंड्याचा बलक, असे इतर माशांच्या पिल्लांना चालणारे उपाय इथे वाया जातात. वर पाणी नासते ते वेगळेच. शिकारीत मात्र हा संथ प्राणी भलताच तरबेज. टेक्सास विद्यापीठातल्या ब्रॅड गेमेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की त्याच्या डोक्याचा आकारच असा आहे की तोंडाजवळचे पाणी हलत नाही. सावज इतक्या जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग एका मिलिसेकंदाच्याही आत झडप. संथ पाण्यात दहांपैकी नऊ झडपा यशस्वी. म्हणजे पिल्लाला पकडता येते, ते उपाशी मरते ते पकडण्याजोगे काही नसल्यामुळे.

आता मिठागराकडे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टन इथे पूर्वी मिठागरे होती. तिथल्या दाट खाऱ्या पाण्यात, जिथे दुसरे काही जगू नये अशा ठिकाणी, १७५५ च्या सुमारास श्लोसर नावाच्या निरीक्षकाला बोटाच्या पेराएवढा, उताणा पोहणारा एक जीव दिसला. त्याने त्याचे चित्र काढले आणि १७५८ मध्ये लिनियसने त्याला आपल्या यादीत बसवले. आज आपण त्याला आर्टेमिया म्हणतो, बाजारात ब्राइन श्रिम्प. जवळ्या-कोळंबीचा हा लांबचा भाऊबंद. इतक्या खारट पाण्यात त्याला खाणारा मासा नाही, म्हणून तो तिथे सुखात राहतो. आणि पाणी आटू लागले की मादी एक विलक्षण गोष्ट करते: पिल्लांऐवजी कठीण कवचाची, झोपी गेलेल्या गर्भांची बीजे सोडते. ही बीजे पूर्ण वाळतात, वाऱ्याने उडतात, वर्षानुवर्षे डब्यात राहतात. पाणी लागले की दिवसभरात त्यांतून अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पिल्लू बाहेर येते आणि झटके देत पोहू लागते.

अर्धा मिलिमीटर, जिवंत, हलणारे, आणि हवे तेव्हा डब्यातून काढता येणारे. समुद्रघोड्याच्या पिल्लासाठी कोणी मागणी नोंदवून बनवून घेतले असते तर याहून वेगळे काय मागितले असते?

तरी हे दोघे समोरासमोर यायला पावणेदोनशे वर्षे गेली. १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे प्रमुख अ‍ॅल्विन सील यांनी माशांचे समाधानकारक जिवंत खाद्य म्हणून आर्टेमियावर छोटासा शोधनिबंध लिहिला. सॅन फ्रान्सिस्कोलाच हे सुचावे यात नवल नाही. बे एरियात विमान उतरताना खाली जे गुलाबी, विटकरी, शेवाळी तुकडे दिसतात ती मिठाची तळी. मत्स्यालयवाल्यांच्या ते उंबऱ्यावरच होते. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, नॉर्वेच्या गुन्नार रोलेफसेन यांनी आर्टेमियाची नवजात पिल्ले घालून समुद्री माशांची पिल्ले वाढवता येतात हे दाखवले. मग युद्ध आले आणि मासे वाढवणे हा कोणाच्याच विचारात राहिला नाही.

युद्धानंतर मात्र एकदम गर्दी झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिठागरांतून आणि युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून बीजे गोळा करून डब्यांतून विकायला सुरुवात झाली. १९५१ मध्ये त्याच स्टाइनहार्टचे अर्ल हेराल्ड यांनी एका सहकाऱ्यासोबत समुद्रघोडे वाढवण्यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात 'स्टेबल' या शब्दावर कोटी होती: स्थिर, आणि घोड्यांचा तबेला. फ्लोरिडात सीडर की बेटावर कर्क स्ट्रॉन हा अभ्यासक बुटक्या समुद्रघोड्यांच्या मागे लागला होता. त्याचा १९५८ चा निबंध आजही आम्हा पाळणाऱ्यांची पोथी आहे. पुरी वाढ झाली तरी जेमतेम अडीच सेंटिमीटर. गर्भ वाहण्याचा काळ दहा-बारा दिवस. पिल्ले थोडी, पण जन्मतःच सात-आठ मिलिमीटर, आणि जन्मल्याबरोबर शेपटीने गवताला धरून बसणारी. महत्त्वाचे म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांच्या तोंडात आर्टेमियाचे पिल्लू मावते.

या एका जुळणीवर एक अख्खा धंदा उभा राहिला. पन्नास-साठच्या दशकांतल्या अमेरिकन कॉमिक पुस्तकांच्या जाहिरातींत जिवंत समुद्रघोडे टपालाने मिळत. मुलाने पैसे पाठवायचे, फ्लोरिडाहून पाण्याची पिशवी, मिठाची पुडी आणि आर्टेमियाची बीजे यायची. त्याच पानांवर १९६० नंतर हॅरोल्ड फॉन ब्राउनहट याने नुसता आर्टेमियाच 'सी-मंकी' या नावाने, मुकुट घातलेल्या राजघराण्याच्या चित्रासह विकला. म्हणजे एका चौकटीत खाणारा आणि शेजारच्या चौकटीत त्याचे जेवण, दोन्ही पाळीव प्राणी म्हणून.

त्या टपालातल्या किती घोड्यांनी महिना काढला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ते सगळे समुद्रातून पकडलेले होते. दहा वर्षांच्या मुलाने दिवसातून दोनदा ताजी पिल्ले उबवायची, कवचे वेगळी काढायची, पाणी बदलायचे, ही अपेक्षाच अवास्तव होती. त्या जाहिरातींबद्दल अमेरिकन हौशी लोक फार हळवे होऊन लिहितात. मला तेवढे हळवे होता येत नाही. पण हेही खरे, की त्यांतल्याच काही मुलांनी चिकाटी धरली, वह्या भरल्या, आणि पिल्ले वाढवता येतात हे घराघरांत सिद्ध केले.

याच सुमारास मुंबईत काय चालले होते? १९५१ मध्येच मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. सुट्टीत तिथे नेलेली मुले आज जगभर पांगली आहेत. आणि १९५३ मध्ये मत्स्य खात्याच्या सी. व्ही. कुलकर्णी यांनी वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया असल्याची नोंद केली. लोकलच्या खिडकीतून दिसणारे ते पांढरे ढीग आठवत असतील. त्यांच्या मधल्या वाफ्यांत तो जीव होता. रत्नागिरी-मालवणकडे समुद्रघोडेही होते. पण घरगुती हौस आपल्याकडे गोड्या पाण्यातच राहिली: गप्पी, गोल्डफिश, एंजल. समुद्राची टाकी मध्यमवर्गीय घराच्या ऐपतीबाहेर होती, आणि ती ऐपतीत येऊ लागेपर्यंत कायदा आला. २००१ मध्ये भारताने समुद्रघोड्याच्या सर्व जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या, वाघाच्या रांगेत. तिथे तो पकडणे, विकणे, बाळगणे गुन्हा आहे. सुट्टीवर गेल्यावर कोणा दुकानदाराने आतल्या खोलीतून काढून दाखवला तर घेऊ नका.

पुन्हा टाकीकडे. बुटक्या जातीचे जमले म्हणून मोठ्या जातींचेही जमेल, असे साठ-सत्तरच्या दशकांत वाटले. जमले नाही. तिथे अडचणी एकामागून एक आल्या. मोठ्या जातींची पिल्ले जन्मल्यावर कशाला धरून बसत नाहीत, काही आठवडे पाण्यात तरंगतात. ती पृष्ठभागाकडे जातात, हवा गिळतात आणि बुचासारखी वर अडकून पडतात. यावर उपाय आला जर्मनीतून. हेल्गोलँडच्या समुद्री केंद्रातल्या वुल्फ ग्रेव्हे यांनी १९६८ मध्ये नाजूक कंगवा-जेलींसाठी एक टाकी बनवली होती: कोपरे नाहीत, पाणी संथ गोल फिरत राहते, आत ठेवलेला जीव कुठेच आपटत नाही. हौशी लोकांनी तिच्या गावठी आवृत्त्या काढल्या, गोल बरणीत एका कडेने हवेची नळी सोडून.

काही जातींची पिल्ले तर इतकी बारीक, की आर्टेमियाही त्यांना मोठा. तिथे जपान कामी आला. जपानी वाम-पालकांच्या तळ्यांत रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव माजले की पाणी बिघडे आणि वाम मरत. ती एक कटकट होती. १९६० मध्ये ताकाशी इतो यांनी उलटा विचार केला: इतके भराभर वाढते आहे, तर तेच माशांच्या पिल्लांना का घालू नये? आज जगभरच्या समुद्री मत्स्यबीज केंद्रांचा पहिला घास रोटिफर आहे.

सगळ्यांत चकवणारी अडचण तिसरी. पिल्ले आर्टेमिया भरपूर खात, पोटे नारिंगी दिसत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पटापट मरत. पोट भरलेले आणि तरी उपाशी. उत्तर चरबीत होते. समुद्री माशांच्या पिल्लांना मेंदू आणि डोळे घडवायला डीएचए नावाचे ओमेगा-३ मेदाम्ल लागते. आपण कॉडलिव्हरच्या गोळीतून घेतो तेच. समुद्रातल्या कोपेपॉडमध्ये ते भरपूर असते, मिठागरातल्या आर्टेमियात जवळजवळ नसते. जपानी पोषणशास्त्रज्ञांनी, आणि बेल्जियममध्ये गेन्ट इथे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या आर्टेमिया केंद्रात पॅट्रिक सॉर्गेलूस आणि मंडळींनी यावर युक्ती काढली. आर्टेमियाचे पिल्लू पहिल्या अवस्थेत काहीच खात नाही, आपल्याच बलकावर जगते. पुढच्या अवस्थेत मात्र पाण्यात जे बारीक कण असतील ते गिळत सुटते. तेव्हा त्या पाण्यात माशाच्या तेलाचे सूक्ष्म थेंब घालायचे. बारा तासांत त्याचे पोट तेलाने भरते आणि मग ते समुद्रघोड्याला द्यायचे. पुरणासारखेच, म्हणा. वरचे आवरण साधे, किंमत आतल्या सारणाची.

घरी हे करायचे तर उपकरण म्हणून सोड्याची उलटी बाटली पुरते. तळ कापायचा, बुचातून हवेची नळी, लिटरला पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, सव्वीस-सत्तावीस अंश ऊब, वर दिवा. चिमूटभर बीजे घालायची. ग्रॅममध्ये दोन-अडीच लाख असतात, म्हणून चिमूट म्हणजे चिमूटच. दुसऱ्या दिवशी हवा बंद केली की रिकामी कवचे वर तरंगतात, पिल्ले उजेडाकडे जमतात. ती नळीने ओढून, गोड्या पाण्यात धुऊन द्यायची. कवचे पिल्लांच्या पोटात गेली तर पचत नाहीत, आतडे तुंबवतात. उबवलेले पाणी तसेच ओतले तर त्यासोबत हायड्रॉइड येतात, विषारी दोऱ्यांचे इवले जीव, आणि ते नवजात पिल्लांना डंख करून मारतात. सकाळ-संध्याकाळ, आणि शक्य तर मध्ये एकदा. तीन महिन्यांत बुटके पिल्लू स्वतःच बाप होण्याच्या वयाला येते. तोवर गावाला जाणे विसरा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे माझी आई दर रविवारच्या फोनवर विचारते. तिला मी जे सांगते ते थोडे लांबलचक आहे. १९९६ मध्ये अमांडा व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञ बाईंनी समुद्रघोड्यांच्या व्यापाराचा पहिला नीट अहवाल लिहिला. वर्षाला दोन कोटींच्या घरात वाळवलेले समुद्रघोडे, मुख्यतः चिनी औषधांसाठी, हातोहात विकले जात होते. त्याच वर्षी त्यांनी हेदर कोल्डवे यांच्यासह 'प्रोजेक्ट सीहॉर्स' सुरू केला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायटिस करारात सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात गेल्या आणि २००४ पासून व्यापारावर परवान्यांचे बंधन आले. जिवंत घोड्यांचा मत्स्यालयासाठीचा व्यापार या तुलनेत लहान होता, पण निखालस नासाडीचा होता, कारण समुद्रातून आणलेला घोडा टाकीत फार दिवस टिकत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टास्मानियात आणि हवाईत व्यावसायिक पैदास सुरू झाली, आणि टाकीत जन्मलेले, गोठवलेली कोळंबी खायला शिकवलेले घोडे मिळू लागले. पाळणाऱ्याला समुद्राला हात न लावता पाळता येऊ लागले ते तेव्हापासून. भारतातही विळिंजमच्या केंद्रीय संस्थेत आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिपोकॅम्पस कुडा या जातीची पिल्ले वाढवण्याचे काम झाले.

यामुळे समुद्रातले घोडे वाचले, असा दावा काही हौशी मंडळी करतात. तो मला पटत नाही. २०१७ मध्ये व्हिन्सेंट यांच्याच गटाने अंदाज मांडला की वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे मासेमारीच्या जाळ्यांत, बहुतेक इतर मासळीबरोबर, नकळत येतात. ट्रॉलच्या जाळ्याला कायद्याची अनुसूची वाचता येत नाही. माझ्या वीस लिटरने तो आकडा हलत नाही. पण पिल्ले काय खातात, कशाने मरतात, किती दिवसांनी कशाला धरून बसतात, हे आज जे माहीत आहे त्यातले पुष्कळसे अशाच वीस लिटरांतून कळले, आणि एखाद्या खाडीत समुद्रघोडे परत सोडायची वेळ आली तर तेच लागेल.

सध्या मात्र लक्ष दुसरीकडेच आहे. जगातल्या आर्टेमिया बीजांचा मोठा वाटा आजही ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. दर ऑक्टोबरपासून बोटी तळ्यावर तरंगणारे तपकिरी पट्टे गोळा करतात, आणि त्यांवर आशियातली कोळंबीची बीज केंद्रे, आमच्यासारख्या प्रयोगशाळा आणि घरोघरच्या उलट्या बाटल्या चालतात. तळ्याला मिळणारे नद्यांचे पाणी शेतीकडे आणि शहरांकडे वळले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची पातळी नोंदींतली सर्वांत खाली गेली आणि दक्षिण भागात खारटपणा इतका चढला की आर्टेमियालाही तो सोसेना असे वाटू लागले. पुढच्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला आणि वेळ टळली. तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हिरव्या पाण्याच्या दोन बरण्या ठेवल्या आहेत. त्यांत कोपेपॉड वाढतात, सावकाश आणि लहरीप्रमाणे, पण डीएचए त्यांच्यात मुळातच असते. मागच्या खेपेची अठ्ठावीस पिल्ले पहिला आठवडा त्यांच्यावरच राहिली.